जुन्या टर्बो डिझेलला ऑइल कॅच कॅन बसवावा का, आणि बसवायचा तर कसा?

पांढरकवडेकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००९ सालची अडीच लीटरची कॉमन रेल टर्बो डिझेल गाडी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न त्या पिढीतल्या बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांना सारखाच लागू आहे. गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. गाव, वावर आणि तालुक्याचे ठिकाण अशा जवळजवळच्या फेऱ्यांतच तिचे बहुतेक आयुष्य गेले. कापूस निघाला की जिनिंगच्या वाऱ्या आणि अधूनमधून नागपूर किंवा आदिलाबादपर्यंत महामार्गाचा प्रवास, एवढाच काय तो बदल.

गेल्या काही महिन्यांपासून इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) जाणाऱ्या रबरी होजच्या जोडापाशी तेल पाझरते आणि त्यावर आपल्याकडची बारीक काळी धूळ बसून त्याचा घट्ट लगदा होतो. होज काढून पाहिला, तर आत सगळीकडे तेलाचा थर होता आणि सर्वांत खालच्या वळणात चमच्याने काढता येईल इतके तेल साचलेले होते. दोन ऑइल बदलांच्या दरम्यान साधारण लीटरभर तेल वरून घालावे लागते. सकाळी सुरू करताना धूर नसतो, पण फाटकापाशी बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहिले आणि मग निघालो, की मागून निळसर धुराचा एक लोट निघतो.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की टॅपेट कव्हरवरचा (इंजिनाच्या वरच्या झाकणावरचा) ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी, टर्बोकडून काढून ट्रॅक्टरसारखा खाली मोकळा सोडावा, म्हणजे तेल आत जाण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यांनी ऑनलाइन मिळणारा ऑइल कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरच्या वायूतले तेल अडवून गोळा करणारा डबा, बसवण्याचा सल्ला दिला. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे निर्णय होत नाही. या डब्याने टर्बोचे आयुष्य खरोखर वाढते का, त्याच्यामुळे उलट काही बिघडू शकते का, आणि तो नेमका कोठे व कोणत्या पाइपने जोडावा, हे जाणकारांनी सांगितल्यास मोठे उपकार होतील.

शिल्पनिदेशक_हिंगणघाट

नमस्कार भाऊ. मी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा व्यवसाय शिकवतो आणि हा प्रश्न दर वर्षी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. डबा बसवावा की नाही हे ठरवण्यापूर्वी तेल कोठून येते हे ठरले पाहिजे. इंटरकूलरमध्ये तेल येण्याच्या वाटा दोन आहेत, एक ब्रीदरची आणि दुसरी टर्बोच्या सीलची; कॅच कॅनचा उपयोग फक्त पहिल्या वाटेवर होतो.

इंजिनात प्रत्येक ज्वलनाच्या वेळी थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून इंजिनाच्या खालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतो. त्यालाच गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ते नव्या इंजिनातही असते, जुन्यात वाढते एवढेच. या वायूत काजळी असते, न जळलेले इंधन असते आणि पाण्याची वाफही असते. एक लीटर डिझेल जळाले की जवळपास एक लीटर पाणी तयार होते, त्यातला लहानसा वाटा या मार्गाने खाली येतो. क्रँकशाफ्ट फिरताना तेलाचे जे तुषार उडतात ते या वायूत मिसळतात आणि सगळे मिळून टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदरमधून बाहेर पडू पाहते. जुन्या इंजिनांत ते सरळ हवेत सोडत असत. आपल्या गाडीत तो पाइप एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या नळीला जोडलेला असेल, म्हणजे टर्बो तो वायू ओढून घेतो आणि इंटरकूलर व मॅनिफोल्डमार्गे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमार्गे) पुन्हा जाळायला पाठवतो. वायू जळून जातो, पण तेल मागे राहते. तेच तेल पुढे मॅनिफोल्डमध्ये ईजीआरच्या (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेच्या) काजळीला भेटले, की डांबरासारखा थर तयार होतो. कॅच कॅन यातले तेल अडवू शकतो. ईजीआरची काजळी तशीच येत राहते. म्हणून डबा बसवल्यावर मॅनिफोल्ड कायमचा स्वच्छ राहील अशी अपेक्षा ठेवू नये.

आता तपासणीविषयी. सर्वांत आधी एअर फिल्टर काढून पाहा. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी मॅनिफोल्डमध्ये ओढ नसते. ओढ असते ती फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या नळीत, आणि फिल्टर जितका चोंदलेला तितकी ती वाढते. वाढलेली ओढ ब्रीदरमधून जास्त तेल खेचते, आणि इंजिन नुसते चालू ठेवून उभे राहिलात तर टर्बोच्या कॉम्प्रेसरकडच्या (हवा दाबणाऱ्या पात्यांकडच्या) सीलमधूनही तेल बाहेर काढू शकते. कापसाच्या हंगामात, जिनिंगच्या आवारात आणि पांदणीच्या रस्त्यावर फिल्टर किती लवकर भरतो हे आपण सर्वजण पाहतो. कंपनीच्या पुस्तकातले बदलण्याचे अंतर आपल्याकडच्या धुळीसाठी फार लांब आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर टर्बोच्या तोंडाची नळी काढा आणि कॉम्प्रेसरच्या आधीचा भाग व नंतरचा भाग वेगवेगळा पाहा. आधीची नळी, विशेषतः ब्रीदर जेथे जोडला आहे त्याच्या पुढचा भाग, तेलाने ओला असेल तर तेल ब्रीदरचे आहे. आधीचा भाग कोरडा आणि नंतरचा भाग ओला असेल तर संशय टर्बोवर जातो. त्याच वेळी टर्बोची दांडी बोटांनी हलवून पाहा. बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण ती तेलाच्या थरावर फिरते, पण पुढे-मागे ती जवळजवळ हलता कामा नये आणि पाती कडेला घासल्याची खूण तर मुळीच नसावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो डबा विकणारे सांगत नाहीत. टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल दाबाने जाते, पण परत येते ते केवळ स्वतःच्या वजनाने, खालच्या जाड नळीतून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते तेथे. क्रँककेसमध्ये दाब वाढला तर हे परतीचे तेल अडते, टर्बोच्या मधल्या भागात तुंबते आणि सीलवरून दोन्ही बाजूंना, म्हणजे इंटरकूलरकडे आणि सायलेन्सरकडे, निसटते. आपण लिहिलेला निळा लोट यामुळेही येऊ शकतो. चांगला टर्बो अशा वेळी विनाकारण बदलला जातो आणि नवाही लगेच तेल टाकू लागतो, कारण दोष खाली क्रँककेसमध्ये असतो. म्हणूनच ज्या डब्यामुळे ब्रीदरचा मार्ग अरुंद होतो, तो डबा टर्बोचा शत्रू ठरतो.

क्रँककेसचा दाब मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, त्याचा इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करून एका फळीला बांधा आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरा. दोन्ही बाजू निदान मीटरभर उंच ठेवा, म्हणजे ओढ निर्माण झाली तरी पाणी इंजिनात जाणार नाही. ऑइल गेजची दांडी काढून त्या नळीवर पाइपचे एक टोक हवा निसटणार नाही असे बसवा, दुसरे मोकळे ठेवा. इंजिन पूर्ण तापल्यावर आधी संथ चालीत आणि मग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक खडूने मांडून ठेवा. पाण्याच्या पातळीतला १० सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल दाब. चांगल्या इंजिनात हा फरक अगदी थोडा असतो किंवा पाणी उलट इंजिनाच्या बाजूला किंचित ओढले जाते. फेऱ्या वाढवताच पाणी मोकळ्या बाजूने झपाट्याने चढत असेल, तर एक तर ब्रीदर तुंबला आहे किंवा रिंगा आणि लायनर थकले आहेत. ब्रीदर साफ करून पुन्हा मोजा. तरीही पाणी चढले तर कॉम्प्रेशन तपासा. त्या स्थितीत डबा बसवणे म्हणजे केवळ वाया जाणारे तेल गोळा करणे होय.

तेलाचे झाकण सैल करून ते उडते का पाहण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. ढोबळ अंदाजासाठी ती ठीक आहे, पण काही इंजिनांत टॅपेट कव्हरखालच्या हालचालीमुळे चांगल्या स्थितीतही झाकण थरथरते, म्हणून केवळ तेवढ्यावरून इंजिन खोलण्याचा निर्णय घेऊ नका.

अचलपूरकर

निदेशक सरांनी तपासणीचा क्रम अगदी योग्य सांगितला आहे. तरीही मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे, तो असा, की अशा बहुतेक गाड्यांना कॅच कॅनची गरजच नसते. मूळ व्यवस्था दुरुस्त केली तरी पुरते.

अनेक इंजिनांत टॅपेट कव्हरमध्येच तेल वेगळे करणारे कप्पे असतात आणि ब्रीदरच्या तोंडाशी पातळ रबरी पडद्याचा एक झडप असतो, जो टर्बोची ओढ फार वाढली की मार्ग थोडा आवळतो. पंधरा वर्षांच्या गाडीत हा पडदा कडक होतो किंवा फाटतो. मग टर्बोची ओढ थेट क्रँककेसपर्यंत पोहोचते आणि तेल अक्षरशः उपसले जाते. माझ्या ओळखीतल्या एका गाडीचे तेल केवळ तो पडदा आणि कप्प्यांची सफाई एवढ्यावर थांबले. चिखलदऱ्याचा घाट पूर्ण भारासह चढूनही होज पूर्वीसारखा ओला होत नाही.

दुसरे असे, की तेल गेजच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरण्याची सवय आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये फार आहे. पाच लीटरचा डबा फोडला की उरलेले अर्धा लीटरही इंजिनातच ओततात. पातळी वाढली की क्रँकशाफ्ट तेल घुसळते, तुषार वाढतात आणि ते ब्रीदरमधून बाहेर जातात. मालकाला वाटते इंजिन तेल पिते, म्हणून तो आणखी ओततो. पांढरकवडेकर भाऊंनी आधी तेलाची पातळी दोन खुणांच्या मधोमध ठेवून काही दिवस पाहावी, अशी माझी विनंती आहे.

वर्धा_पेट्रोलटर्बो

माझी गाडी पेट्रोल टर्बो आहे. तिच्यातली रचना वेगळी असल्याने हा धागा वाचणाऱ्या पेट्रोलवाल्यांसाठी लिहितो, नाहीतर डिझेलचे उपाय जसेच्या तसे वापरले जातील.

पेट्रोल टर्बोत ब्रीदरच्या वाटा दोन असतात. संथ चालीत मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, तेव्हा वायू पीसीव्ही झडपेतून (क्रँककेसचा वायू एकाच दिशेने सोडणारी झडप) थेट मॅनिफोल्डमध्ये जातो. टर्बोने दाब निर्माण केला की ती झडप बंद झाली पाहिजे, आणि तेवढ्या वेळात वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाकडे जातो. जुनी झडप नीट बंद होत नसेल तर टर्बोचा दाब उलट क्रँककेसमध्ये शिरतो आणि क्रँकशाफ्टच्या सीलपासून टॅपेट पॅकिंगपर्यंत जेथे कच्चे असेल तेथून तेल बाहेर ढकलतो. त्यामुळे पेट्रोल गाडीत डब्याआधी पीसीव्ही झडप नवी घालावी. ती महाग नसते. डबा एकाच वाटेवर बसवला तर दुसऱ्या वाटेने तेल जातच राहते, म्हणून दोन्ही वाटांचा विचार करावा लागतो.

पेट्रोलमध्ये तेलाचे तुषार आत गेले की मिश्रणाची नॉकिंग (अवेळी पेटून होणारी ठोक) सहन करण्याची ताकद कमी होते. टर्बो इंजिनात मे महिन्याच्या उन्हात याचा फरक जाणवतो. इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारणारा असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, कारण पेट्रोलने ते धुतले जात नाहीत. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये असेल तर हा त्रास बराच कमी असतो आणि मग डब्याचा लाभही कमी. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने दीर्घ काळ चालवले, की गावातल्या फिरण्यापेक्षा डब्यात कितीतरी जास्त तेल मिळते, हे मी नेहमी पाहतो. आणखी एक सूचना: पेट्रोल गाडीत हा मार्ग कोठेही उघडा राहिला तर सेन्सरने न मोजलेली हवा इंजिनात शिरते, चाल बिघडते आणि इंजिनाचा दिवा लागतो.

पांढरकवडेकर

आपल्या सर्वांच्या मार्गदर्शनाप्रमाणे तपासणी केली. जे दिसले ते लिहितो.

एअर फिल्टर बाहेरून बरा दिसत होता, पण घड्यांच्या तळाशी सरकीच्या तंतूंचा आणि धुळीचा गच्च थर होता, तो बदलला. तेल वरच्या खुणेच्या थोडे वर होते, ते खाली आणले. टर्बोच्या आधीची नळी ब्रीदरच्या जोडापासून पुढे ओली आणि त्याच्या अलीकडे कोरडी मिळाली. टर्बोची दांडी पुढे-मागे हलत नाही आणि पात्यांवर घासल्याची खूण नाही. ब्रीदरचा पाइप आतून फुगून मऊ झाला होता आणि त्याचे एक वळण चपटे होऊन मार्ग जवळजवळ निम्मा झाला होता. लेव्हल पाइप लावला तेव्हा जुन्या पाइपसह अडीच हजार फेऱ्यांवर पाणी सहज वितीभर चढले. तात्पुरता दुसरा पाइप लावल्यावर चढ दोन बोटांवर आला. रबरी पडदा फाटलेला नव्हता, कप्पे मात्र चिकटाने भरले होते, ते साफ केले.

आता तेल पूर्वीपेक्षा बरेच कमी येते, पण थांबलेले नाही. इंजिन आणखी काही वर्षे चालवायचे आहे, म्हणून डबा बसवण्याचा विचार कायम आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या डब्यांच्या तोट्या मला फार बारीक वाटल्या. स्थानिक ठिकाणी बनवून घेता येईल का?

वरोरा_लेथवाला

येईल, आणि नीट बनवला तर बाजारातल्या अनेक डब्यांपेक्षा चांगला होईल. आमच्या दुकानात असे डबे बनवतो, म्हणून कोठे चुकते ते सांगतो.

तोट्यांविषयी आपला संशय बरोबर आहे. मूळ ब्रीदरचा आतला व्यास १९ मिलिमीटर असेल आणि डब्याची तोटी १० मिलिमीटरची असेल, तर वायूला जायला मिळणारी जागा साडेतीन पटींहून जास्त घटते. निदेशक सरांनी टर्बोच्या परतीच्या तेलाविषयी जे लिहिले ते अशाच डब्यांनी घडते. तोट्या मूळ पाइपच्या आतल्या व्यासाच्या किंवा त्याहून मोठ्याच घ्या, आणि शक्यतो काटकोनी जोड न वापरता पाइप मोठ्या वळणाने फिरवा. गॅरेजच्या हवेच्या कॉम्प्रेसरवर पाणी अडवणारा जो पारदर्शक फिल्टर असतो, तो कॅच कॅन म्हणून लावलेला मी पाहिला आहे. त्याची छिद्रे बारीक असतात आणि प्लॅस्टिकची वाटी इंजिनाच्या उष्णतेने व तेलाने तडकते. तो वापरू नये.

डबा अर्धा ते पाऊण लीटरचा, स्टेनलेस स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पुरतो. नुसता रिकामा डबा मात्र फारसे काही अडवत नाही, कारण तुषार इतके सूक्ष्म असतात की ते वायूसोबत तसेच पुढे निघून जातात. आत येणारी नळी डब्याच्या मध्यापर्यंत उतरवावी, तिच्यासमोर वायूला दिशा बदलायला लावणारा आडवा पत्रा असावा, त्याच्यावर स्टेनलेस जाळीचे दोन-तीन थर असावेत आणि बाहेर जाणारी तोटी अगदी वर असावी. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळीवर जसे तेल चिकटून थेंब होतात, तसेच काम येथे होते. भांडी घासायचा तारेचा चोथा कोंबण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिचे मला फार भय वाटते. तो चोथा कालांतराने तुटतो आणि त्याचे तुकडे सरळ टर्बोच्या पात्यांवर जातात. जाळी विणलेली घ्या आणि तिच्यावर छिद्रांचा पत्रा वेल्ड करून ती जखडून टाका. वेल्डिंग झाल्यावर आतला कचरा हवेने आणि धुऊन पूर्ण काढा. वेल्डिंगचा एक मणीसुद्धा टर्बोला पुरतो.

होजचे म्हणाल, तर पाण्याचा किंवा बागेचा पाइप तेलाने फुगतो, जसा आपला मूळ पाइप आता फुगला आहे. साधा सिलिकॉनचा रंगीत होजही दिसायला छान असतो, पण आतून तेलरोधक अस्तर नसेल तर त्यातून तेल पाझरते. नायट्राइल रबराचा, आत कापडी विणीचा तेलाचा होज मागा. ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप बनवून देणाऱ्या दुकानात तो मीटरवर मिळतो. ओढीने चपटा होणार नाही इतकी त्याची भिंत जाड हवी. तोट्यांच्या टोकाला थोडी उठलेली कड ठेवून घ्या, म्हणजे क्लिप आवळल्यावर होज निसटत नाही.

जागा निवडताना दोन गोष्टी सांभाळा. डबा जितका थंड तितके तेल आणि वाफ त्यात जास्त जमते, म्हणून तो टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, हेडलाइटच्या मागे बाहेरची हवा पोहोचते अशा कोपऱ्यात घ्या; रेडिएटरच्या पंख्यामागे ठेवलात तर आपल्याकडच्या ४५ अंशांच्या दुपारी त्याला गरम वाराच मिळेल. पाइप इंजिनापासून डब्याकडे सतत उतरता असावा. मध्ये झोळ पडला तर तेथेच पाणी आणि तेल साचून मार्ग बंद होतो. ब्रॅकेट बॉडीला जाड पत्र्याने आणि नायलॉक नटाने धरा, पण इंजिन झटका देते तेव्हा होजवर ताण येऊ नये इतकी लांबी राखा. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगला काहीही टेकता कामा नये. खाली पितळी कॉक आणि बाजूला पातळी पाहण्याची दांडी असली, की दर वेळी डबा उघडावा लागत नाही.

पांढरकवडेकर

फार उपयुक्त माहिती मिळाली. माप घेऊन वरोऱ्याला येतोच. दोन शंका उरल्या आहेत. मिस्त्रींनी सुचवलेला मोकळा पाइप का नको, हे मला त्यांना आदराने पटवून द्यायचे आहे. आणि डब्यात जमलेले तेल पुन्हा इंजिनात घालता येते का?

शिल्पनिदेशक_हिंगणघाट

मिस्त्रींचा सल्ला ट्रॅक्टरच्या अनुभवातून आलेला आहे आणि तेल आत जाणे त्याने थांबते हे खरे आहे. पण त्यांना चार गोष्टी दाखवा. ब्रीदर काढल्यावर टर्बोच्या नळीला जे भोक उरते ते पक्के बंद केले नाही, तर फिल्टरला वळसा घालून धूळ सरळ टर्बोत जाते, आणि आपल्याकडच्या धुळीत पाती व रिंगा झिजायला फार काळ लागत नाही. मोकळ्या पाइपचे तेल गाडीखाली, रबरी बुशांवर, कधी एक्झॉस्टवर पडते, तेथे वास आणि आगीचा धोका असतो. शिवाय हे वायू बंद गाडीच्या एसीतून आत बसलेल्यांच्या श्वासात जातात, ट्रॅक्टरवर हा प्रश्न येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी ५ वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते, त्या तपासणीत खालून तेल गळणारी गाडी उगाच अडचणीत येते. डबा मात्र बंद मार्गातच बसवायचा असतो: इंजिनातून डब्यात आणि डब्यातून पुन्हा टर्बोच्या त्याच नळीत. डब्यावर लहान फिल्टर लावून तो उघडा ठेवण्याची पद्धत शर्यतीच्या गाड्यांतून आली आहे, आपल्या कामाची नाही.

डब्यातले तेल इंजिनात परत घालू नये. त्यात पाणी, डिझेल आणि आम्ले असतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी, आणि आपल्यासारख्या जवळच्या फेऱ्या असतील तर विशेषच, ते पांढरट साईसारखे दिसेल. ते पाहून हेड गॅस्केट गेले असे समजून घाबरू नका. गेजवर आणि रेडिएटरमध्ये तशी साय नसेल तर ते वाफेचे पाणी आहे. मात्र इंजिन पुरते तापेल असा एखादा लांब फेरा अधूनमधून करा. हे तेल बंडीच्या आखाला किंवा वावराच्या धुऱ्यावर ओतू नका. गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपातच द्या, ते अधिकृत गोळा करणाऱ्यांकडे जाते.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर डबा पाहा आणि किती जमते त्यावरून पुढचे अंतर ठरवा. भरलेला डबा सर्वांत धोकादायक असतो, कारण साचलेले सगळे तेल एकदम टर्बोत ओढले जाऊ शकते. डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळू लागले, की चावी बंद करूनही थांबत नाही आणि फेऱ्या वाढतच जातात. असे कधी झाले तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडावर हात मुळीच ठेवू नका.

याच कारणासाठी डबा बसवण्याआधी इंटरकूलर काढून त्यातले जुने तेल रिकामे करा, नाहीतर तेल अजून येते आहे असा गैरसमज होईल. धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरलेत तर नंतर डिग्रीजर आणि गरम पाण्याने ते पूर्ण काढा आणि इंटरकूलर उन्हात दोन्ही तोंडे खाली करून वाळवा, कारण आत उरलेले रॉकेल सुरू करताच इंजिनात जाईल. सगळे जोडल्यावर लेव्हल पाइप पुन्हा लावा आणि त्याच तापमानाला, त्याच अडीच हजार फेऱ्यांवर पाणी पाहा. दोन बोटांचा चढ तेवढाच राहिला तर डबा मार्ग अडवत नाही. तो वाढला असेल, तर तोट्या किंवा जाळी मोकळी करून घेतल्याशिवाय गाडी महामार्गावर नेऊ नका.